‘चर्चा करा’, ‘तुलना करा’, ‘व्यक्तिरेखा रेखाटा’ : वाङ्मयाच्या प्रश्नाला नेमके कसले उत्तर अपेक्षित असते?

उशिरा शिकणारी
नमस्कार. मी नोकरी सांभाळून, वयाच्या ४१व्या वर्षी, मराठी विषय घेऊन बाहेरून एम.ए. करीत आहे. मागील परीक्षेत राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकावर पुढील प्रश्न आला होता : ‘सुधाकराच्या अधःपाताला त्याचा स्वभाव कारणीभूत आहे, परिस्थिती नव्हे. या विधानाची चर्चा करा.’ मी नऊ पाने लिहिली. नाटक मला जवळजवळ पाठ आहे, त्यामुळे एकही प्रसंग सुटला नव्हता. २० पैकी ८ गुण मिळाले. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तेव्हा समासात तीनच शब्द दिसले : ‘कथानक सांगितले आहे.’ मला गुणांविषयी तक्रार करायची नाही. त्या तीन शब्दांचा अर्थ मात्र मला समजून घ्यायचा आहे.

याच प्रश्नपत्रिकेत आणखी तीन प्रश्न होते : सुधाकराची पत्नी सिंधू आणि त्याच्या कारकुनाची, तळीरामाची, पत्नी गीता यांची तुलना, व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीतील निवेदकाचा दृष्टिकोन, आणि तळीराम ही व्यक्तिरेखा कोणत्या प्रकारची आहे हे सोदाहरण स्पष्ट करणे. चारही उत्तरे मी एकाच पद्धतीने लिहिली होती, म्हणजे आरंभापासून शेवटापर्यंत काय घडते ते सांगितले होते. येथील जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

फळा आणि खडू
ताई, आपला प्रश्न शेकडो विद्यार्थ्यांचा आहे आणि त्यात शिकवणाऱ्यांचाही दोष आहे. आम्ही वर्गात कथानक समजावण्यात इतका वेळ घालवतो की कथानक म्हणजेच उत्तर, असा समज पक्का होतो. प्रश्नातील शेवटचे क्रियापद आधी वाचावे. ‘वर्णन करा’ म्हटले असेल तर काय आहे ते सांगायचे. ‘स्पष्ट करा’ म्हटले असेल तर ते तसे का आहे हे उलगडायचे. ‘चर्चा करा’ याचा अर्थ मात्र असा की, प्रश्न विचारणाऱ्याने एक विधान मुद्दाम पुढे ठेवले आहे, ते पूर्ण खरे नाही आणि पूर्ण खोटेही नाही, आणि ते किती खरे आहे याचा निवाडा त्याला आपल्याकडून हवा आहे.

मागचा बाक
पण सर, आम्हाला नेहमी असे सांगितले गेले की परीक्षेत स्वतःचे मत मांडू नये, परीक्षकाला आवडले नाही तर गुण जातात. म्हणून आम्ही दोन्ही बाजू सारख्या लिहून ‘अशा प्रकारे दोन्ही घटक कारणीभूत आहेत’ असा शेवट करतो. हे चुकीचे आहे का?

तांबडी शाई
मी सुमारे पंचवीस वर्षे पदवी आणि पदव्युत्तर स्तरावरील उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘मागचा बाक’ यांनी सांगितलेला शेवट चुकीचा नाही, परंतु तो उत्तर टाळतो. ‘दोन्ही घटक कारणीभूत आहेत’ हे वाक्य नाटक न वाचताही लिहिता येते, आणि जे वाक्य कलाकृती न वाचता लिहिता येते त्याला गुण देताना परीक्षकाचा हात अडतो. मत मांडू नये हा सल्ला मुळात ‘मला हे नाटक फार आवडले’ यासारख्या वाक्यांबाबत होता. पुराव्यावर उभे असलेले मत हा तर उत्तराचा कणाच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. स्वभावाच्या बाजूने पुरावा शोधला तर तो पहिल्या प्याल्याच्या अगोदरच सापडतो. सुधाकर हा बुद्धिमान वकील आहे, पण त्याला अपमान सहन होत नाही. न्यायालयात मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडतो, त्याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काही काळासाठी जाते, आणि त्या मानहानीच्या दाहावर उपाय म्हणून त्याचाच कारकून असलेला तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. सनद जाणे ही परिस्थिती झाली, तर ती गेल्यामुळे आपण जगात तोंड दाखवण्यास योग्य उरलो नाही असे वाटणे हा स्वभाव झाला. बहुतेक विद्यार्थी हा प्रसंग सांगतात, परंतु यातील स्वभावाचा भाग कोणता आणि परिस्थितीचा कोणता, हे वेगळे काढून दाखवत नाहीत. ती फोड करणे म्हणजे युक्तिवाद. प्रसंग तोच राहतो, पण त्याचे काम बदलते.

परिस्थितीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा पुढे येतो. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, काम मागण्यासाठी ओळखीच्या माणसांकडे जातो, आणि तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. सुधारू पाहणाऱ्या माणसाला समाज दार उघडत नाही, हे गडकऱ्यांनी येथे स्पष्टपणे दाखवले आहे. विधानाचे समर्थन करणाऱ्या विद्यार्थ्याने हा प्रसंग टाळला तर त्याचे उत्तर लंगडे होते. त्याने या प्रसंगाला सामोरे जावे आणि सांगावे की येथेही दार बंद होण्यापेक्षा अपमानच सुधाकराला पुन्हा प्याल्याकडे ढकलतो, म्हणजे दुसऱ्या वेळीही पहिल्याच वेळची जखम उघडते. हे म्हणणे मान्य होवो वा न होवो, गुण देण्याजोगे ते निश्चित आहे.

आणि एक प्रसंग विसरू नये. दारूच्या तीन अवस्थांविषयी सुधाकर आपला मित्र रामलाल याच्यापुढे जे दीर्घ भाषण करतो, त्यात तो स्वतःच्या नाशाची चिकित्सा एखाद्या वैद्यासारखी करतो. इतके स्वच्छ दिसूनही तो थांबू शकत नाही. मग येथे स्वभावही अपुरा ठरतो आणि परिस्थितीही, कारण व्यसन ही एक तिसरी, स्वतंत्र शक्ती म्हणून उभी राहते. प्रश्नातील ‘स्वभाव की परिस्थिती’ ही विभागणीच अपुरी आहे, असे जो विद्यार्थी या भाषणाच्या आधारे दाखवतो, त्याला मी आजवर कधी कमी गुण दिलेले नाहीत.

उशिरा शिकणारी
तांबडी शाई सर, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. ते भाषण मी उत्तरात पूर्ण पानभर उतरवले होते, पण ‘येथे सुधाकर दारूच्या अवस्था सांगतो’ एवढेच लिहून पुढच्या प्रसंगाकडे गेले. ते भाषण विधानाच्या कोणत्या बाजूला ठेवायचे, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

बडोद्याची वाचक
विषयाला धरूनच एक सूचना करते. पुरावा देताना तो कोणाचा आहे हेही तपासावे. ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने आमच्या बडोद्यात प्रथम रंगभूमीवर आणले, आणि त्याच वर्षी जानेवारीत गडकऱ्यांचे निधन झाले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आहेत. त्यामुळे ‘कशी या त्यजू पदाला’ या पदातील एखादी ओळ घेऊन ‘गडकऱ्यांची शब्दकळा येथे दिसते’ असे लिहिणे चुकीचे ठरते. सिंधूची पतिनिष्ठा दाखवण्यासाठी ते पद घ्यावे, त्या प्रसंगाला ते चपखल बसते. लेखकाच्या भाषाशैलीचा मुद्दा असेल तेव्हा मात्र गद्य संवादांकडेच जावे.

तिसरी घंटा
मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केले आहे आणि तळीरामाची भूमिका दोन वेळा केली आहे. व्यक्तिरेखेच्या प्रकाराविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांच्याबद्दल माझा मूलभूत आक्षेप आहे. पुस्तकांत ‘सपाट’ आणि ‘घनाकार’ अशा दोन पेट्या असतात, विद्यार्थी तळीरामाला पहिल्या पेटीत टाकतो आणि विषय संपतो. रंगमंचावर उभे राहिल्यावर असे जाणवते की, ‘आर्य मदिरा मंडळ’ या नाटकातील मद्यपींच्या मंडळात त्याने केलेले युक्तिवाद इतके सफाईदार आहेत की प्रेक्षक हसता हसता त्याला मान्यता देऊ लागतो. अशा माणसाला सपाट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

फळा आणि खडू
आपला आक्षेप मोलाचा आहे, परंतु ‘सपाट’ हा शब्द येथे निंदाव्यंजक नाही. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली कादंबरीविषयीच्या व्याख्यानांत ही विभागणी मांडली, तेव्हा त्यांनी कसोटी अशी दिली होती की व्यक्तिरेखा वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकते की नाही. चकित करीत नसेल तर ती सपाट. सपाट व्यक्तिरेखा चटकन ओळखू येतात आणि दीर्घकाळ स्मरणात राहतात, हे त्यांचे गुणही त्यांनीच नोंदवले आहेत.

तळीराम आरंभी जसा आहे तसाच अखेरपर्यंत राहतो. त्याचे बुद्धिचातुर्य मोठे आहे, पण ते सतत एकाच दिशेने धावते. सुधाकर बदलतो, निश्चय करतो, मोडतो, पुन्हा उठू पाहतो. त्याच्या शेजारी एक न बदलणारा माणूस उभा असल्यामुळेच त्याचे बदलणे आपल्याला मोजता येते. म्हणून प्रकार सांगून थांबू नये, त्या प्रकारामुळे नाटकात कोणते कार्य साधले जाते ते सांगावे.

माळावरची वाट
या संदर्भात मला एक गोष्ट नेहमी विलक्षण वाटते. वर्तमानपत्रात आजही मद्यपीसाठी ‘तळीराम’ हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि तो वाचणाऱ्या अनेकांना हे नाटकातील पात्र आहे हे ठाऊक नसते. सुधाकर हे मात्र सामान्यनाम झाले नाही. ज्या व्यक्तिरेखेत एकच गुणधर्म ठसठशीत असतो तीच भाषेत सामान्यनाम म्हणून शिरू शकते, असे मला वाटते. परीक्षेत ‘सोदाहरण’ म्हटले असताना याहून चांगले उदाहरण कोणते देता येईल?

नावांकडेही लक्ष द्यावे. ‘संगीत शारदा’ या १८९९ सालच्या नाटकात गोविंद बल्लाळ देवलांनी पैशासाठी मुलगी विकायला निघालेल्या बापाचे नाव कांचनभट ठेवले आणि म्हाताऱ्या वराचे नाव भुजंगनाथ ठेवले. हे लोक रंगमंचावर येण्यापूर्वीच प्रेक्षकाला त्यांचा प्रकार कळतो.

मागचा बाक
‘शारदा’चा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्या टिपणांत असे आहे की या नाटकाच्या प्रभावाने ‘शारदा कायदा’ झाला आणि त्याला नाटकाचेच नाव दिले गेले. नाटकाची सामाजिक बाजू मांडताना हा मुद्दा घ्यावा का?

तांबडी शाई
कृपया घेऊ नये. १९२९ सालच्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून मिळाले, कारण त्यांनी ते विधेयक मांडले होते. मराठीत ‘सारडा’चे ‘शारदा’ झाले आणि नाटकाशी नाव जुळल्यामुळे ही समजूत रुजली. हा उल्लेख मी असंख्य उत्तरपत्रिकांत पाहिला आहे. नाटकाने जरठ-बाला विवाहाविरुद्ध, म्हणजे म्हातारा वर आणि अल्पवयीन वधू यांच्या लग्नाविरुद्ध, लोकमत जागे केले हे विधान भक्कम आहे, त्याला कायद्याच्या नावाचा आधार लागत नाही.

पाटी पुसलेली
तुलनेच्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. विद्यार्थी अर्धे उत्तर सिंधूवर लिहितात, अर्धे गीतेवर, आणि शेवटी एका वाक्यात ‘अशा प्रकारे दोघी भिन्न आहेत’ म्हणतात. ही दोन व्यक्तिचित्रे झाली, तुलना झाली नाही. तुलनेसाठी एक समान मोजपट्टी लागते. येथे ती नाटकानेच दिली आहे : दोघींचे नवरे मद्यपी आहेत. मग एकेक निकष घेऊन दोघींना शेजारी उभे करावे. नवऱ्याशी त्या कशा बोलतात? घराबाहेरच्या मदतीकडे कशा पाहतात? त्यांची भाषा कोणत्या थरातील आहे?

भाषेचा निकष मला सर्वांत फलदायी वाटतो. सिंधूची भाषा संयत आहे, तिच्या दुःखाला पदांची साथ आहे. गीता रोजच्या बोलीत, रोखठोक आणि तळीरामाच्या तोंडावर बोलते. दारूबद्दलचे आणि नवऱ्यांबद्दलचे उघडे सत्य गडकऱ्यांनी गीतेच्या तोंडी घातले, आणि प्रेक्षकांचे अश्रू मात्र सिंधूसाठी राखून ठेवले. असे का केले असावे, हा प्रश्न तुलनेतूनच जन्माला येतो. दोघींवर स्वतंत्र परिच्छेद लिहिणाऱ्याला तो कधीच पडत नाही.

बडोद्याची वाचक
माझे उत्तर असे की, त्या काळच्या प्रेक्षकाला गीतेचे बोलणे विनोदाच्या आवरणातच सहन झाले असते. सिंधूने तीच वाक्ये उच्चारली असती तर तिच्याविषयीची सहानुभूती कमी झाली असती. त्यामुळे सिंधूला मी दुबळी व्यक्तिरेखा मानते आणि गीतेला सबळ.

पाटी पुसलेली
येथे मी आपल्याशी नम्रपणे असहमत आहे. सिंधू घर चालवण्यासाठी दळण दळते आणि भावाची, पद्माकराची, मदत नाकारते. अखेरीस, मूल गेलेले असताना आणि स्वतः मरणाच्या दारात असताना, नवऱ्याला वाचवण्यासाठी ती खोटी जबानी देते. ती जबानी आजच्या वाचकाला अस्वस्थ करते, मलाही करते. पण तो दुबळेपणा आहे असे मला म्हणता येत नाही, कारण त्या क्षणी दालनातील प्रत्येक माणसापेक्षा तिचा निर्धार मोठा आहे. तो निर्धार चुकीच्या मूल्यासाठी खर्च झाला असे म्हणता येईल. दुबळी व्यक्तिरेखा आणि आपल्याला न पटणारे मूल्य जपणारी व्यक्तिरेखा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फळा आणि खडू
आपण दोघींनी नकळत दृष्टिकोनाच्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. कलाकृतीत किमान तीन दृष्टिकोन एकत्र वावरतात : पात्राचा, लेखकाचा आणि वाचकाचा. पतीला परमेश्वर मानणे हा सिंधूचा दृष्टिकोन आहे. तोच गडकऱ्यांचाही आहे असे थेट लिहिता येत नाही, कारण गीतेला त्यांनीच निर्माण केले आहे. आणि १९१९ च्या प्रेक्षकाने डोळे पुसले म्हणून आजच्या वाचकानेही पुसले पाहिजेत असे नाही. उत्तर लिहिताना ‘कोणाच्या दृष्टीने’ हे दोन शब्द प्रत्येक निष्कर्षापूर्वी मनाशी उच्चारावेत.

माळावरची वाट
‘बनगरवाडी’बाबत मी थोडे लिहितो, कारण मी त्याच बाजूचा, माणदेशाजवळचा आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत निवेदक प्रथमपुरुषी आहे, एवढे सगळेच लिहितात. तो मास्तर म्हणून बाहेरून आलेला आहे, धनगरांच्या वस्तीतील नाही, तरुण आहे, आणि शाळा रिकामी पाहून गोंधळलेला आहे, हे लिहिले की दृष्टिकोनाविषयी काही सांगितले असे होते. जे त्याला दिसते तेच आपल्याला दिसते. वस्तीतील तरुणी अंजी त्याच्याकडे चोळी शिवून आणण्याचे काम सोपवते, वस्तीत कुजबुज सुरू होते, वस्तीचा प्रमुख असलेला कारभारी बिथरतो. त्या सर्व काळात अंजीच्या मनात काय होते हे कादंबरी सांगत नाही, कारण मास्तरला ते कळण्याचा मार्गच नाही. सर्वसाक्षी निवेदक असता तर त्याने अंजीच्या मनात शिरून दोन पाने लिहिली असती आणि हा प्रसंग इतका ताणलेला राहिला नसता.

शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतः औताला खांदा देते, तो प्रसंग तर अगदी कोरडेपणाने सांगितलेला आहे. मास्तर तेथे हळहळीची भाषणे करीत नाही. निवेदक काय सांगत नाही याकडे बोट दाखवणे हे दृष्टिकोनाच्या उत्तरातील माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण जे सांगितले आहे ते तर कथानक लिहिणाराही उतरवून काढतो.

तिसरी घंटा
माझा आक्षेप मी अर्धा मागे घेतो. तळीराम बदलत नाही हे खरे आहे, आणि तो बदलत नाही म्हणूनच भयंकर आहे, हे मला तालमीतही जाणवले होते, फक्त त्याला शब्द नव्हते. उरलेला अर्धा आक्षेप असा की, प्रकार ठरवताना विद्यार्थ्याने निदान एक प्रसंग असा शोधावा जेथे ती व्यक्तिरेखा त्या प्रकारातून निसटू पाहते. असा प्रसंग सापडला नाही तर तसे लिहावे, पण शोध घेतल्यावाचून लिहू नये.

मागचा बाक
एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. २० गुणांच्या उत्तराला आम्हाला पस्तीस-चाळीस मिनिटे मिळतात. इतका विचार करायचा केव्हा आणि लिहायचे केव्हा?

तांबडी शाई
पहिली सात-आठ मिनिटे लिहू नये. उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर आपले म्हणणे एका वाक्यात मांडावे, त्याखाली तीन किंवा चार प्रसंगांची नावे लिहावीत, आणि प्रत्येकासमोर तो आपल्या बाजूचा आहे की विरुद्ध हे नोंदवावे. चार प्रसंगांची फोड पाच पानांत होते. नऊ पाने लिहावी लागतात ती सर्व प्रसंग सांगितल्यामुळे.

उशिरा शिकणारी
सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल रात्री मूळ प्रश्नाचे उत्तर पुन्हा लिहायला घेतले. पहिला परिच्छेद येथे ठेवते, कृपया दोष दाखवावेत.

‘सुधाकराच्या हातात पहिला प्याला येतो तो सनद गमावल्यानंतर, आणि सोडलेला प्याला पुन्हा येतो तो कामाच्या शोधात अवहेलना झाल्यानंतर. दोन्ही वेळा आघात बाहेरून झाला आहे, परंतु दोन्ही वेळा तो एकाच ठिकाणी, म्हणजे त्याच्या स्वाभिमानावर, बसला आहे. म्हणून विधानातील पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. ‘परिस्थिती नव्हे’ हा दुसरा अर्धा भाग मात्र मान्य करता येत नाही, कारण दारूच्या तीन अवस्थांचे वर्णन करणारा सुधाकर स्वतःचा स्वभाव ओळखून चुकलेला आहे आणि तरीही तो सुटू शकत नाही.’

तांबडी शाई
उत्तम. एकच शंका आहे. शेवटच्या वाक्यात आपण परिस्थिती सिद्ध करायला निघालात आणि पुरावा व्यसनाचा दिलात. व्यसन ही परिस्थिती आहे, असे आपले म्हणणे आहे का? असल्यास तसे एका वाक्यात सांगावे आणि का ते लिहावे. नसल्यास तो पुरावा पुढच्या परिच्छेदात न्यावा.

उशिरा शिकणारी
माझ्या लक्षात आले नव्हते, सर. माझे म्हणणे असे आहे की पहिल्या प्याल्यापर्यंत व्यसन बाहेर होते आणि नंतर ते आत आले. नाटकात ही सीमा नेमकी कोठे ओलांडली जाते, ते शोधण्यासाठी मी आज पुन्हा पहिल्या अंकापासून वाचायला बसते आहे.